मारलं तर दहा, न मारता वीस

मलकापुरातल्या आमच्या घरात रविवारची दुपार आबांच्या बुटांची असायची. सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त होऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पायात बारा महिने चपला, तरी दर रविवारी आपलं जेवण उरकलं की ओट्यावर जुनं वर्तमानपत्र पसरून ते बुटांना पॉलिश करायला बसत. आईला त्या वासाचा भारी राग. तिनं आत मटणाचा रस्सा केलेला असायचा, भाजल्या खोबऱ्याचा आणि तिळाचा वास बाहेर जायच्या आत पॉलिशचा वास आत शिरायचा, आणि मग ती भांडी आपटत म्हणायची की ह्या घरात सणाचं जेवलं तरी पलटणीत जेवल्यासारखं लागतं. हंगामात उसाच्या ट्रॉल्या कर्कश गाणी लावून रस्त्यानं जायच्या, शेजारच्या गोठ्यात कडबाकुट्टी घरघरत असायची. आमच्या भावकीत घरटी एक माणूस सैन्यात. आजोबा भरती झाले, आबा झाले, काका झाले. भिंतीवर देवांपेक्षा वर्दीतले फोटो जास्त होते आणि सणाला हार आधी कुणाला घालायचा यावरून आमच्यात वाद होत. मी मुलगी म्हणून त्यातून सुटले. धनादादा सुटला नाही.

धनंजय, माझा थोरला भाऊ. पुण्यात होस्टेलवर राहून त्यानं पदवी घेतली, मग घरच्या रिवाजाप्रमाणे भरतीत धावला, निवडला गेला, भावकीनं हार घालून त्याला गाडीत बसवून दिलं. आणि काही महिन्यांनी एका सकाळी प्रशिक्षण अर्ध्यावर टाकून, पाठीला बॅग लावून तो दारात उभा राहिला. मी रांगोळी काढत होते. मला वाटलं रजेवर आलाय, म्हणून मी ओरडत आत गेले. आबांनी एकदाच विचारलं, का आलास. तो गप्प राहिला. त्या दिवसापासून बापलेकांचं बोलणं बंद झालं. भांडण नाही, आदळआपट नाही, नुसतं बंद. दादा समोर बसलेला असायचा आणि आबा आईला सांगायचे, त्याला म्हणावं रानात आज पाण्याची पाळी आपली हाय. आई तेच वाक्य मान वळवून त्याला सांगायची. गावाला मात्र शब्द शोधावा लागला नाही. पळून आला, एवढं म्हटलं की झालं. आमच्यासारख्या गावात चोरी केलेल्याला लोक चहा पाजतील, पळून आलेल्याला नाही.

दादानं होस्टेलमधून एकच गोष्ट आणली होती, एक खेळ. आता तो खेळ पुण्यामुंबईच्या पोरांना तोंडपाठ असतो, तेव्हा आमच्याकडे कुणाच्या बापानं ऐकला नव्हता. पट नाही, सोंगट्या नाहीत. एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं, आणि प्रत्येक वळणावर आपण काय करणार ते बोलायचं. जमलं की फसलं ते फासा ठरवणार. फासे सुपारीच्या डबीत ठेवलेले. त्यातला मोठा आवळ्याएवढा, वीस बाजूंचा. आई तो हातात घेऊन म्हणाली होती, ह्यो तर कुठूनबी बघितला तरी सारखाच दिसतोय. पराक्रम केला की पॉइंट मिळत, पॉइंट साठले की आपलं माणूस वरच्या पायरीला जाई. रविवारी दुपारी ओट्यामागच्या सोप्यात आम्ही तिघं बसायचो: गोष्ट सांगणारा दादा, मी, आणि काकांचा प्रशांत. पशा तेव्हा भरतीची तयारी करत होता, रोज पहाटे हायवेच्या कडेनं धावायचा आणि दिवसभर त्याचीच फुशारकी मारायचा. त्याचा खंडू नावाचा गडी दोन कुऱ्हाडी घेऊन हिंडायचा. माझी एक वैदूबाई होती, पाठीवर जडीबुटीची झोळी. दादानं खेळाच्या पुस्तकातले ड्रॅगन आणि बुटके काढून टाकले होते. आमच्या गोष्टीत घाट होते, गड होते, नदी ओलांडायचे उतार होते, वाटा अडवून बसलेले लुटारू होते. दिवसभर ज्याच्या तोंडून शब्द निघत नसे तो माणूस त्या दोन-तीन तासांत म्हातारी व्हायचा, सावकार व्हायचा, घोडा सुद्धा व्हायचा. मी त्याच्याकडे बघत बसायचे. मला खेळापेक्षा त्याचा आवाज ऐकायला आवडायचं.

मूळ नियमात मारलं की पॉइंट मिळत. पशाला तेवढं पुरे होतं. एका रविवारी आम्ही नदीच्या उतारावर आलो, तिथं एक म्हातारा नावाडी होता. तो बिचारा विचारतोय, पोरांनो पलीकडं जायचंय का, आणि पशानं त्याच्यावर कुऱ्हाड चालवली. का, तर म्हणे नावाड्याचे किती पॉइंट ते बघू. फासा पडलाही मोठा. दादानं पॉइंट दिले, डबी मिटली आणि उठून गोठ्यात गेला. पुढच्या रविवारी बसल्या बसल्या त्यानं सांगितलं की नियम बदललाय. मारून वाट काढली तर दहा, न मारता काढली तर वीस. बोलून काढा, फसवून काढा, हात जोडून काढा, काहीही करा. पशा उसळला. म्हणाला, ह्यो खेळ हाय का कीर्तन हाय? दादा म्हणाला की मारायला डोकं लागत नाही, म्हणून त्याला कमी. यावर पशानं हसत हसत जे म्हटलं ते मला आजही ऐकवत नाही. "म्हणून पळून आलास व्हय रं, वीस पॉइंट मिळवायला?"

बाहेर ओट्यावर ब्रश घासण्याचा आवाज थांबला. पशालाही आपण काय बोललो ते कळलं असावं, तो उगाच फासा फिरवत बसला आणि मग काहीतरी काम आठवल्यासारखं करून घरी गेला. मला वाटलं, संपला खेळ. पण पुढच्या रविवारी पशा मुकाट्यानं आला, आणि त्याच्या मागून हात पुसत आबा आत आले. आयुष्यात पहिल्यांदाच ते आमच्याबरोबर सतरंजीवर मांडी घालून बसले. म्हणाले, मला घ्या. मला काय व्हायला लागंल? दादानं माझ्याकडे बघून सांगितलं, त्यांना म्हणावं, वाट्टंल ते. आबांनीही माझ्याकडे बघितलं, पण बोलले थेट त्याच्याशी. "खेळ कोण चालवतंय? ज्यो चालवतोय त्यानं सांगावं." दादाचे कान लाल झाले. घसा खाकरून त्यानं सगळा खेळ त्यांना समजावून सांगितला, पहिल्यापासून, आणि आबा शाळेतल्या पोरासारखी मान हलवत ऐकत राहिले. आत आईनं गॅस बारीक केला. तिला ऐकायचं होतं.

आबा म्हातारा शिपाई झाले. नाव नको म्हणाले. त्यांचा पहिला प्रश्न होता, समोर काय हाय? आणि दादानं बसल्या जागी पाठ ताठ करून सांगितलं, समोर खिंड हाय, वर पाच माणसं, दोघांकडं धनुष्य. मला हसू आलं, कारण एवढ्या महिन्यांत बापलेक पहिल्यांदा बोलत होते आणि तेही शत्रू किती आणि कुठं आहेत याबद्दल. त्यानंतर कितीतरी रविवार आबा आले. बुटांचं पॉलिश त्यांनी शनिवारवर ढकललं. खेळात मात्र त्यांनी एकदाही तलवार काढली नाही. कुणी वाट अडवली की ते आधी विचारायचे, ही माणसं हितं कवापासून उभी हायत, जेवली का, ह्यांना पगार कोण देतं. खिंडीतल्या लुटारूंना त्यांनी आपल्या शिदोरीतली भाकरी दिली आणि ते कुणाच्या भीतीनं तिथं बसलेत ते काढून घेतलं. दादाला अशा वेळी खरोखर विचार करावा लागायचा, लुटारूला पगार मिळतो की नाही हे त्यानं कधी ठरवलेलंच नसायचं. आम्ही भराभर पायऱ्या चढलो. पशा चिडायचा. "आबा, आवं एकदा तरी काढा की ती तलवार." आबा म्हणाले, काढलेली परत आत घालायला लय वर्षं लागत्यात. एवढं बोलून त्यांनी आईला चहाची आठवण करून दिली.

मग तो गडाच्या दरवाजाचा रविवार आला. गोष्टीत अंधार पडला होता आणि आम्हाला आत जायचं होतं. दरवाजावर एकटा पहारेकरी. पशा म्हणाला, एकटाच हाय, मी मागनं जातो. आबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि आपण सरळ पुढे चालत जातो म्हणाले. तेव्हा दादा ओरडला, "थम! कौन आता है?" तो आवाज गोष्ट सांगायचा नव्हता. मैदानावर शिकवलेला, पोटातून काढलेला आवाज होता तो. आई पळी हातात घेऊन दारात आली. आबांची पाठ आपोआप सरळ झाली आणि ते म्हणाले, "दोस्त."

"पहचान के लिए आगे आओ."

आबा म्हणाले, मी पुढं येतो, हत्यार खाली ठेवतो आणि ह्याच्याजवळ दगडावर बसतो. मग त्यांनी पहारेकऱ्याला गाव विचारलं. लांब हाय, म्हणाला. घरी कोण? समदी हायती. रजा कवा हाय?

"रजा नको, साहेब," दादा म्हणाला. "घरी जायला तोंड न्हाई."

"का?"

दादा खाली सतरंजीकडे बघत होता. म्हणाला, मैदानावर माणसाच्या आकाराचा पुठ्ठा उभा करतात. बाकीचे सगळे त्याच्यावर गोळी झाडतात. तो नेम धरतो, आणि त्याला वाटतं की ह्या पुठ्ठ्याला नाव असेल. मग बोट हलत नाही. पहिल्यांदा नाही, दुसऱ्यांदा नाही, कधीच नाही. कुणी त्याला मारलं नाही की शिव्या दिल्या नाहीत, उलट समजावून सांगितलं. पण बोट हललंच नाही.

"भ्या वाटतं का?" आबांनी विचारलं.

"भ्या न्हाई, साहेब. मला जमत न्हाई."

पशा आधी फिसकन हसला होता, आता तो सतरंजीची दशी ओढत बसला. आईनं पदर तोंडाला लावला. आबांनी हात पुढे केला, दादाच्या गुडघ्यावर ठेवला आणि म्हणाले, "दार उघड, जवान. तुझं मी बघतो." दादानं दार उघडलं. फासा टाकलाच नाही. वीस पॉइंट, म्हणाला, आणि पाणी प्यायला म्हणून उठून मागच्या दारी गेला आणि बराच वेळ आला नाही.

त्यानंतरचे काही दिवस मी आयुष्यात फार जपून ठेवलेत. बापलेक पाण्याच्या पाळीला एकत्र रानात गेले. दादा जेवताना बोलायला लागला. आईनं सण नसताना पुरण घातलं आणि कुणी विचारलं तर म्हणायची, डाळ किडायला लागली हुती. मला वाटत होतं, आबांना कळलं. त्यांना कळलंच होतं, त्याबद्दल आजही माझ्या मनात शंका नाही. फक्त 'तुझं मी बघतो' हे बापाचं बोलणं आहे असं आम्ही समजलो होतो, आणि ते सुभेदाराचं होतं. पलटणीत जवान अडचण घेऊन आला की सुभेदारानं ती ऐकायची, वर पोचवायची, निकाल लावायचा आणि चार लोकांसमोर तो जाहीर करायचा, म्हणजे जवानावरचा बोल जातो. आबांनी उभं आयुष्य हेच केलं होतं. माणसाला मोकळं करायची त्यांची पद्धत ती होती, दुसरी त्यांना कुणी शिकवली नव्हती.

त्याच सुमारास पशाची भरती झाली. जायच्या आदल्या दिवशी काकांच्या अंगणात निरोपाचं जेवण होतं, सगळी भावकी, मांडवात पंगत, पशाच्या गळ्यात हार. आबा थोरले म्हणून दोन शब्द बोलायला उभे राहिले. पशाला आशीर्वाद दिला. मग म्हणाले, आज आणखी एक आनंदाची गोष्ट सांगायची हाय. आमचा धना पळून आलेला न्हाई. माणसाच्या आकाराच्या पुठ्ठ्यावर गोळी झाडायला त्याचं बोट हालत न्हवतं, एवढाच प्रॉब्लेम हुता. मी माझ्या जुन्या साहेबांशी बोललोय, डेपोत नागरी कारकुनाची जागा हाय, तिथं बंदूक धरायला लागत न्हाई, धना पुढच्या महिन्यात जाणार. आणि कंदी पेढ्यांचा पुडा त्यांनी स्वतः उघडला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. एवढं खूश मी त्यांना माझ्या लग्नातही पाहिलं नाही.

मग मागच्या पंगतीतून कुणीतरी म्हणालं, आरं, पुठ्ठ्याला भ्यालं की! आणि हसण्याची लाट उठली. वाईट हसणारे थोडे होते, बाकीचे आपले लोक हसतात म्हणून हसले. दादा वाढपी होता. त्याच्या हातात रश्श्याची बादली होती. त्यानं ती खाली ठेवली नाही, पंगत पुरी वाढली, शेवटच्या ताटापर्यंत, आणि मग घरी गेला. दुसऱ्या सकाळी पशाला सोडायला गाव गेलं तेव्हा दादा सांगलीच्या एसटीत बसला होता. हळदीच्या एका व्यापाऱ्याकडे त्याच्या मित्रानं काम बघितलं होतं. मी त्याच्याशी स्टँडवर भांडले. आबांनी तुझ्यासाठीच केलं ना, म्हटलं. तो म्हणाला, व्हय, माझ्यासाठीच केलं, म्हणून तर मला त्यांना काय बोलतापण येत न्हाई.

त्या रविवारी आबा नेहमीच्या वेळी सोप्यात येऊन बसले. धना कवा येतोय, म्हणाले. मी सांगितलं की तो येणार नाही, आणि का येणार नाही तेही सांगितलं, थोडं जास्तच फटकळपणे, माझा स्वभावच तसा. त्यानं ते तुम्हाला सांगितलं होतं आबा, गावाला नाही. तुम्ही फक्त ऐकायचं होतं. आबांनी खूप विचार केला. मग मला विचारलं, "काय करायचंच न्हवतं, तर मग सांगितलं कशाला त्यानं?" ते रागानं विचारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं. मी उत्तर दिलं, पण माझं उत्तर त्यांच्यापर्यंत पोचलं नाही हे मला दिसत होतं.

अलीकडे एकदा माझ्या मुलाचे मित्र घरी जमले होते, तोच खेळ घेऊन. रंगीत फासे, जाडजूड पुस्तकं. मी सहज विचारलं की न मारता वाट काढली तर किती पॉइंट? ती पोरं माझ्याकडे बघतच राहिली, काकूंना हे कसं ठाऊक! मग एकानं सांगितलं की काकू, आता बरेच जण देतात तसे, बोलून सुटलं तरी सारखेच. मला बरं वाटलं आणि लगेच भरूनही आलं. आमच्या दादानं ते मलकापुरात, कुणाकडून न ऐकता, एका म्हाताऱ्या नावाड्यापायी ठरवलं होतं.

दादा सांगलीतच राहिला. तिथंच लग्न, तिथंच संसार. अंगाला कायम हळदीचा वास. दिवाळीला यायचा, आबांच्या पाया पडायचा. बरं हाय का? हाय. पोरं? बरी हायती. यापुढे दोघांची गाडी कधी गेली नाही. आबांनी प्रयत्न केला नाही असं नाही. दर वेळी तो निघताना ते विचारायचे, काय अडचण हाय का? आणि दादा म्हणायचा, काय न्हाई, आबा. मला दोघांनाही गदागदा हलवावंसं वाटायचं. असं करत वर्षं गेली आणि एका हिवाळ्यात आबा झोपेतच गेले.

दहाव्याला सगळे नदीच्या संगमावर जमलो. पिंड ठेवला आणि लोक मागे सरले. चिंचेवर कावळे होते, पण एकही खाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाची काय इच्छा राहिली असेल ती ओळखून एकेकानं पुढे होऊन कबूल करायचं असतं. काकांनी हात जोडून सांगितलं, वहिनीला अंतर देणार न्हाई. पशा रजा काढून आला होता, आता हवालदार झालेला, अंगानं सुटलेला. तो म्हणाला, आबा, रानाच्या बांधाचं मी बघतो. मी म्हटलं, आईला मी घेऊन जाते. कावळा येईना. उन्हं वर आली. मग काका मोठ्यानं म्हणाले, धना घरी परत येतोय, घर सांभाळतोय! सगळ्यांनी माना डोलावल्या, हीच इच्छा असणार. कुणी दादाला विचारलं नव्हतं.

"काका, तेवढं नका सांगू त्यांना," दादा म्हणाला. आणि तो पुढे होऊन पिंडाजवळ गुडघ्यावर बसला. हळू बोलत होता, मी मागेच होते म्हणून मला ऐकू आलं.

"आबा, मी हितं ऱ्हायला येणार न्हाई. खोटं कबूल करत न्हाई. तुमी माझ्यासाठीच केलं, मला तवाच ठावं हुतं. मला अडचण कायबी न्हाई. मला नुसतं तुमच्यासंगं बोलायचं हुतं."

आम्ही सगळे झाडाकडे बघत होतो. एक कावळा खालच्या फांदीवर आला, मान वाकडी करून बसला, आणि नदीपलीकडे उडून गेला. पुष्कळ वाट पाहून शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला, पिंडाला लावला आणि झालं म्हणून सांगितलं. लोक कपडे झाडत उठले. जाताना दोघी-तिघी बायका दादाकडे बघून आपसात पुटपुटल्या, त्या काय म्हणाल्या असतील ते सांगायला नको. पशा गाडी आणायला गेला. आईला काकूंनी धरून वर नेलं.

दादा तसाच बसला होता. मी जाऊन शेजारी बसले. त्याच्या खांद्यावर हात ठेवला. नदीकडे बघत तो म्हणाला, "शुभे, आला असता तर बरं झालं असतं गं."